इम्पॅक्ट स्विव्हल सॉकेट : डोळे आणि हात कसे जपावेत?

ट्रक, ट्रॅक्टर किंवा जेसीबीच्या दुरुस्तीत काही बोल्ट अडचणीच्या जागी असतात. तिथे इम्पॅक्ट गन सरळ लावता येत नाही, म्हणून सांध्यावर वळणारे स्विव्हल सॉकेट (गॅरेजच्या भाषेत वळणारी गोटी) वापरतात. चुकीचे सॉकेट तडकले तर धातूची कपची वेगाने उडून डोळ्यात घुसू शकते.

योग्य सॉकेट कसे निवडावे?

हाताच्या पान्याचे चकचकीत सॉकेट कठीण, पण पातळ असते. गनच्या सततच्या ठोक्यांनी ते फुटू शकते किंवा त्यावरच्या मुलाम्याचे टवके उडू शकतात. इम्पॅक्ट सॉकेट बहुधा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे, जाड भिंतीचे आणि काळसर असते. मात्र केवळ रंगावर विसंबू नका. त्यावर ‘इम्पॅक्ट’ असे कोरलेले आहे का, ते पाहा. शक्यतो सहा कोनांचे आणि नटावर घट्ट बसणारे सॉकेट घ्या. इंचाच्या नटाला मिलिमीटरचे सॉकेट ‘चालवून घेऊ’ नका.

वापरताना काय काळजी घ्यावी?

- सॉकेट बदलण्यापूर्वी गनची हवा बंद करा किंवा बॅटरी काढा.
- सॉकेट गनवर पिन आणि रिंगने पक्के करा.
- सॉकेट नटावर पूर्ण बसल्यावरच ट्रिगर दाबा. हवेत मोकळे फिरवल्यास स्विव्हल जोरात झोकांडते आणि हाताला लागते.
- शक्य तितका कमी कोन ठेवा. जास्त कोनात सांध्यावर ताण येतो आणि सॉकेट निसटते.
- तडा गेलेले किंवा सांधा ढिला झालेले सॉकेट फेकून द्या. वेल्डिंग करून पुन्हा वापरू नका.
- बाजूने झाकलेला पॉलीकार्बोनेटचा सुरक्षा चष्मा घाला. नंबरचा साधा चष्मा पुरत नाही.
- गनचा आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर असतो, म्हणून इअरप्लग वापरा.
- सैल हातमोजे, लोंबती बाही किंवा मफलर नको. ते फिरत्या भागात गुंडाळले जातात.

डोळ्यात काही उडाले तर

‘काहीतरी लागलं, पण आता दुखत नाही’ असे सांगत अनेक जण कामाला लागतात. इथेच धोका असतो. बारीक, धारदार कपची डोळ्यात शिरल्यावर जखम आपोआप मिटू शकते, आणि सुरुवातीला नीट दिसतही असते. पण एक-दोन दिवसांत आत जंतुसंसर्ग होऊ शकतो. लोखंडाचा कण आत राहिल्यास पुढे काही महिन्यांत डोळ्याचा पडदा खराब होऊन नजर जाऊ शकते.

- डोळा चोळू नका, दाबू नका, कण काढायला जाऊ नका.
- डोळ्यावर स्वच्छ कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टीने लावा. त्याचा दाब डोळ्यावर येऊ देऊ नका.
- स्वतःच्या मनाने थेंब घालू नका. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून खाणे-पिणे टाळा.
- त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर नेत्रतज्ज्ञांकडे जा. ‘गनवर काम करत होतो, लोखंड उडाले’ हे स्पष्ट सांगा. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनने कण शोधता येतो. लोखंडाची शंका असेपर्यंत एमआरआय करू नये, कारण चुंबकाने कण हलू शकतो.
- धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते, तेही सांगा.

हातांकडेही लक्ष द्या

वर्षानुवर्षे गन चालवणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडणे, रात्री मुंग्या येणे, बटण लावताना पकड सुटणे ही कंपनांमुळे होणाऱ्या आजाराची लक्षणे असू शकतात. धूम्रपानाने ती वाढतात. कामात विश्रांती घ्या, हात उबदार ठेवा आणि वेळीच डॉक्टरांना दाखवा. उशीर झाल्यास बधिरपणा कायमचा राहू शकतो.

घरच्यांनीही एक लक्षात ठेवावे : कामावरून आलेल्या माणसाचा डोळा लाल असेल, बाहुली वेडीवाकडी दिसत असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.