अस्वस्थ पायांना नाव मिळायला २७३ वर्षं

रात्री आडवं झालं की पायांत वळवळ सुरू होते, उठून चाललं की थांबते. हा त्रास १६७२ मध्ये इंग्रज डॉक्टर थॉमस विलिस यांनी लिहून ठेवला. १८६१ मध्ये जर्मनीच्या विटमाक यांनी तो हिस्टेरियाच्या खात्यात टाकला. १९४५ मध्ये स्वीडनच्या एकबोम यांनी अनेक रुग्णांच्या तक्रारी एकत्र मांडल्या, 'रेस्टलेस लेग्ज' हे नाव दिलं. १९५३ मध्ये नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह देऊन गुण येतो, हे नोंदवलं. म्हणून आजही फेरिटिन तपासतात. १९८२ मध्ये लेव्होडोपा आलं. पुढे कळलं, दीर्घ वापरानं काहींचा त्रास उलट वाढतो. निदान मात्र अजूनही रुग्णाला विचारूनच होतं. तेव्हा तुमच्या संशोधनात मोजमापाआधी प्रश्न नीट विचारायला शिका.