शिल्लक आठ

कुत्रा या प्राण्याशी माझे संबंध पहिल्यापासून बेताचेच आहेत. लहानपणी आमच्या आळीतल्या एका कुत्र्याने माझ्या पोटरीचा घास घेतला आणि ते कर्ज मी सरकारी दवाखान्यात, पोटावर, चौदा हप्त्यांत फेडलं. तेव्हापासून समोरून कुत्रा आला की मी रस्ता ओलांडतो. असा मी एका कुत्र्याचा इतिहास लिहायला बसलोय, हे आमच्या घरात अजून कुणाला खरं वाटत नाही.

याला जबाबदार माझा भाचा. तो इंजिनियर आहे. कंपनीने त्याला सहा महिने दक्षिण कोरियात धाडलं होतं. येताना त्याने मामीसाठी चमचे आणले आणि मामासाठी कॅलेंडर. बँकेतल्या माणसाला कॅलेंडर देणं म्हणजे हलवायाच्या घरी पेढे नेणं. पण भाच्याचं मन मोडू नये म्हणून भिंतीवर लावलं. जानेवारी-फेब्रुवारी डोंगर-देवळं बघण्यात गेले. मार्च उलटला आणि हिने आतून विचारलं,

"अहो, या महिन्यावर पायपुसणं का छापलंय?"

मी चष्मा लावून पाहिलं. पायपुसण्याला नाक होतं. थोडं खाली जीभही होती. डोळे मात्र केसांच्या झिपऱ्यांत कुठे हरवले होते कोण जाणे.

"मामी, कुत्रा आहे तो," भाचा म्हणाला. "सापसारी."

मी लगेच विग्रह केला : साप सारतो, म्हणजे बाजूला करतो, तो सापसारी. भाचा पोट धरून हसला. पण मी अगदीच चुकलो नव्हतो. कोरियन भाषेत 'साप' म्हणजे घालवणं आणि 'साल' म्हणजे पीडा, अशुभ. पीडा घालवणारा कुत्रा तो सापसाल, आणि त्यालाच म्हणतात सापसारी. आपण दाराला लिंबू-मिरची टांगतो, त्यांनी दारात केसाळ कुत्रा बसवला. लिंबू-मिरची शनिवारच्या शनिवार बदलावी लागते, कुत्र्याला दोन्ही वेळा जेवायला घालावं लागतं. पण लिंबू-मिरची कधी शेपटी हलवत नाही.

आता मार्च म्हणजे बँकेतल्या माणसाचा वनवास. रात्री नऊला घरी यायचं आणि जेवताना समोर हे ध्यान. रोज बघून बघून शेवटी मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचायला लागलो.

स्वारी मोठ्या घराण्यातली निघाली. जुन्या कोरियन चित्रांत आणि गोष्टींत हा कुत्रा हजर असे. १७४३ साली किम दू-र्यांग नावाच्या चित्रकाराने भुंकणाऱ्या कुत्र्याचं एक चित्र काढलं. ते सापसालचं चित्र म्हणून प्रसिद्ध आहे. त्या चित्रावर खुद्द राजा योंगजोने मजकूर लिहिला. त्याचा आशय असा की, बाबा रे, तुझं काम रात्री दार राखायचं. भरदिवसा रस्त्यावर भुंकत काय हिंडतोस? हे वाचून मला राजाविषयी एकदम आपुलकी वाटली. चहाच्या टपरीवर आमचे शाखाधिकारी मला गाठतात तेव्हा नेमकं हेच विचारतात. राजाच्या हस्ताक्षरात मेमो मिळालेला हा जगातला पहिलाच कर्मचारी असावा.

पण पुढचं पान उलटलं आणि माझं हसू मावळलं.

१९१० साली जपानने कोरिया गिळला. १९३८ साली तिथल्या जपानी सरकारने एका कोरियन कुत्र्याला चक्क 'नैसर्गिक स्मारक' म्हणून संरक्षण दिलं. हा कुत्रा नैर्ऋत्य टोकाच्या जिंदो बेटावरचा. उभे कान, वर वळलेली शेपटी. मोरी तामेझो या जपानी अभ्यासकाने त्याची पाहणी केली होती. आता तुम्ही म्हणाल, परकं सरकार असून किती हा उदारपणा! पण गंमत अशी की जिंदोचा तोंडवळा जपानच्या स्वतःच्या कुत्र्यांशी जुळत होता. साहेबाला तो घरचाच वाटला.

सापसारीचे कान पडलेले. अंगावर लांब, दाट केस. साहेबाच्या घरात असं कुणी नव्हतं. त्याच काळात जपानी फौजा चीनमध्ये आणि मांचुरियाच्या कडाक्याच्या थंडीत लढत होत्या. त्यांना उबदार कपडे हवे होते. कोरियातली कुत्री मारून कातडी गोळा करायचं काम सरकारी शिस्तीत सुरू झालं. मेलेल्या कुत्र्यांचा आकडा लाखांत सांगतात. जे केस बघून भूत पळायचं, तेच केस त्याच्या जिवावर उठले. लोकांची पीडा घालवणाऱ्याला स्वतःची पीडा काही घालवता आली नाही.

मी वीस वर्षं फायली हलवतोय, म्हणून मला हे सगळं फायलींतच दिसतं. सरकार एक. टेबलावर फायली दोन. एकीवर शेरा 'जतन करावे', दुसरीवर 'कातडी जमा करावी'. आणि दोघांच्या लायकीत फरक एवढाच की एक साहेबासारखा दिसतो आणि दुसरा दिसत नाही. बढत्यांच्या याद्या लागतात तेव्हा हे तत्त्व मी अनेकदा पाहिलंय. पण तिथे निदान कातडी शाबूत राहते.

१९४५ साली जपानी गेले. १९५० ते ५३ कोरियात युद्ध झालं. माणसांच्याच ताटात काही नव्हतं, तिथे कुत्र्याला भाकरी कोण घालणार? उरलीसुरली कुत्रीही गेली. १९६९च्या सुमाराला दाएगू शहरातल्या क्योंगबुक राष्ट्रीय विद्यापीठाचे काही प्राध्यापक आडगावांतून हिंडले आणि त्यांनी सुमारे तीस सापसारी जमवले. त्या प्राध्यापकांत हा सोंग-जिन हे एक होते. (यातलं 'हा' हे त्यांचं आडनाव आहे, सर्वनाम नव्हे. मीही दोनदा फसलो.) पुढे ही कुत्री त्यांच्या शेतावर राहिली. उत्साह ओसरला, वर्षं गेली. अमेरिकेत शिकून आलेला त्यांचा मुलगा हा जी-होंग याने १९८०च्या दशकात मोजदाद केली, तेव्हा शिल्लक निघाली आठ.

वडिलांकडून कुणाला जमीन मिळते, कुणाला कर्ज मिळतं. या मुलाला आठ झिपरी कुत्री मिळाली.

आठ कुत्र्यांचं करायचं काय? वाढवायची म्हटली तर लग्नं जमवायला हवीत. सगोत्र नको, नाहीतर पिलं रोगट निपजतात. आणि इथे तर सगळं वऱ्हाडच एका गोत्राचं! शिवाय खरा सापसारी कोणता आणि नुसताच केसाळ कोणता, याला कागदपत्र नाही. तो अनुवंशशास्त्राचा प्राध्यापक होता. आम्ही चेकवरची सही नमुना-सहीशी ताडून पाहतो, तशी त्याने रक्त आणि डीएनए तपासून वंश ताडून पाहिले आणि पत्रिका जुळवाव्यात तशा जोड्या जुळवल्या. आठाचे पुढे शेकडो झाले. १९९२ साली दक्षिण कोरियाच्या सरकारने ग्योंगसानच्या सापसारीला नैसर्गिक स्मारक ठरवलं, क्रमांक ३६८. जिंदोनंतर तब्बल ५४ वर्षांनी. पुढे दोकदोच्या खडकाळ बेटांवर, जिथे कोरियन पोलिसांचा पहारा आहे आणि ज्यांच्यावर जपानही हक्क सांगतो, सापसारींची जोडी राखणीला गेली. तिथे तो भरदिवसा भुंकला तरी कुठला राजा त्याला मेमो देणार नाही.

हे सगळं डोक्यात असतानाच मार्चअखेरीला माझ्या टेबलावर निष्क्रिय खात्यांची यादी आली. दोन वर्षं व्यवहार नाही, शिल्लक फुटकळ. दरवर्षी मी अशा यादीवर डोळे मिटून टिक करतो. या वेळी हात अडला. मनात आलं, कुणीतरी 'आठच तर आहेत' म्हणून सोडून दिलं असतं तर? मी जुने फॉर्म काढले आणि सतरा खातेदारांना पोस्टकार्डं लिहायला बसलो.

"काउंटर सोडून हे काय चाललंय?" शाखाधिकारी मागे उभे होते. अगदी राजा योंगजो.

"पीडा घालवतोय, साहेब," मी म्हणालो. ते काही न बोलता निघून गेले. मार्चमध्ये कारकुनाला फार विचारू नये, हे त्यांना ठाऊक आहे.

चौदा कार्डं परत आली. दोघांचं उत्तर नाही. एक म्हातारे गृहस्थ मात्र पिवळं पडलेलं पासबुक रुमालात गुंडाळून आले. "मला वाटलं, आता कुणाच्या लक्षात नसेल," म्हणाले, आणि त्यांनी शंभर रुपये भरले.

त्या रात्री घरी गेलो आणि एक तारीख उलटून गेली म्हणून कॅलेंडरचं पान फिरवायला हात वर केला.

"राहू द्या," ही म्हणाली. "आता कुठे त्याचे डोळे सापडलेत मला."

आमच्या भिंतीवर अजून मार्चच आहे.