आम्लवसुलीची कुळकथा

आंबवणे हे जंतूंचे काम, आणि त्यात त्यांनी मनुष्याला सहसा निराश केलेले नाही; मनुष्याची कसोटी लागली ती आंबलेल्या पाण्यातून आम्ल निराळे काढताना, आणि म्हणून या विद्येचा इतिहास उत्पादनाचा कमी, वसुलीचा अधिक आहे.

किण्वनाशी संबंध नसलेली अशी एक वसुली आमच्या शेतकऱ्यालाही अवगत होती. थंडीच्या रात्री हरभऱ्यावर स्वच्छ फडके पसरावे, दवाबरोबर पाल्यावरची आंब त्यात मुरू द्यावी आणि पहाटे ते पिळावे, की औषधापुरते आंबट पाणी हाती येई. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात, हे रसायनशास्त्राने मागाहून सांगितले.

कारखान्याच्या हौदातले दुग्धाम्ल मात्र इतके सुलभ नाही. पाणी आटवू जावे तर आम्लाचे रेणू एकमेकांशी जुळून दाट द्रव होतो. आणि आम्ल वाढले की ते निर्माण करणारे जंतूच मंदावतात, म्हणून हौदात चुना घालावा लागतो. आंबलेल्या दुधातून हे आम्ल प्रथम वेगळे केले ते स्वीडनच्या शील या औषधविक्रेत्याने, 1780 साली. त्यानेच 1784 साली लिंबाच्या रसात खडू घालून क्षार खाली बसवला आणि गंधकाम्लाने त्यातून आम्ल मोकळे केले. ही चुना-गंधकाम्लाची रीत पुढे दुग्धाम्लाच्या कारखान्यांनीही स्वीकारली, पण तिच्या हिशेबात एक खर्चाची बाब कायमची राहिली: 180 भार दुग्धाम्लामागे 172 भार जिप्सम, म्हणजे मालाइतकाच जवळजवळ गाळ.

पुण्यातील पाषाणला 1950 साली उघडलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला, कच्च्या मालाला, हात घातला. अडसूळ, वर्मा व गोखले या संशोधकांनी 2007 साली उसाच्या चिपाडातील सेल्युलोजपासून दुग्धाम्ल केले: विकरांनी सेल्युलोज फोडताना सेलोबायोज ही जोडसाखर उरते, ती सामान्य दुग्धाम्ल-जंतूंना पचत नाही, म्हणून ती पचवणारा लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकीचा उत्परिवर्तित वाण त्यांनी वापरला आणि एका लिटरमागे 80 ग्रॅम सेल्युलोजपासून 67 ग्रॅम आम्ल मिळवले. यश निःसंशय मोठे, परंतु ते हौदापर्यंतचे.

हौदापुढे एक पर्याय असा, की आम्लाचा मद्यार्काशी संयोग करून त्याचे एस्टर ऊर्ध्वपातनाने वेगळे करावे, आणि मग पाण्याने एस्टर फोडून मद्यार्क पुन्हा कामाला लावावा. मार्ग शुद्धीचा, पण खर्चाचा. शिवाय गिऱ्हाईकही आता पूर्वीचे राहिलेले नाही. जेजुरीला पुण्याच्या प्राज कंपनीने 2024 साली पॉलिलॅक्टिक आम्लाचा, म्हणजे दुग्धाम्लापासून होणाऱ्या जैविक प्लास्टिकचा, प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. खाद्यपदार्थाला आंबटपणा देणाऱ्या आम्लात थोडा रंग वा साखर राहिली तरी एकवेळ खपून जाते. प्लास्टिकच्या बहुवारिकाची साखळी मात्र अशा भेसळीने आखूड पडते, आणि त्यामुळे वसुलीचे जुने काम आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक काटेकोरपणे करावे लागते.