सालींची दिवाळी

आजोळच्या फडताळात मागे सरकवलेला उटण्याचा जुना डबा काढा. रिकामाच आहे, तरी झाकण उघडून नाक आत घाला. कडवट, मातकट, जरासा आंबूस वास येईल. डोळे मिटा.

उघडाल तेव्हा 1938 सालचा आश्विन सरत आलेला असेल. जिल्हा अजून अहमदनगर आहे. धोंड-मनमाड मार्गावरच्या स्टेशनावर बेलापूरची पाटी आहे, ती आजही आहे. भोवतीच्या वस्तीचं श्रीरामपूर व्हायचं आहे. तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि मोसंबीच्या बागेतून अनवाणी चालला आहात. पायाखालची माती गार लागते, कारण रात्रीच पाटाचं पाणी फिरलंय. हे पाणी भंडारदऱ्याचं. तिथलं धरण 1926 साली पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि जिथं बाजरीसाठी आभाळाकडे बघत बसावं लागे तिथं बागा उभ्या राहिल्या. थंडीत पाणी तोडून झाडांना ताण दिला, मग पाणी सोडलं, झाडं फुलली. त्या आंबिया बहराची फळं आता उतरतायत, हिरवट-पिवळी, हाताला तेलकट.

"आरं, नुसता हिंडतोस काय? लव्हाळ्याचे गड्डे उपट," आजी ओरडते.

लव्हाळा म्हणजे बागेतलं पिडणारं तण. खुरपून खुरपून बायकांचे हात दुखतात, तरी ते पुन्हा उगवतं. पण मुळाशी काळे, सुपारीएवढेही नसलेले गड्डे असतात. एक दाताखाली फोडा. वास सरळ नाकात चढतो. नागरमोथा म्हणून उटण्यात पडतो तो हाच.

ओसरीवर आजी विळीशी बसली आहे. उटण्याला रीत संत्र्याच्या सालीची, पण इथं मोसंबीचा ढीग दारात असताना संत्री कोण विकत आणणार? ती वरचा रंगीत पापुद्रा तेवढा काढते, आतला पांढरा भाग फळालाच ठेवते. तुम्ही साली उचलून अंगणात उन्हात पसरायला निघता तेव्हा ती हात धरते. "उन्हात नगं. वास उडून जातो. सावलीत घाल. मोडली की कडाक वाजली पाहिजे."

ती शाळेत गेलेली नाही, पण तिचं खरं आहे. सालीवर दिसणाऱ्या त्या बारीक ठिपक्यांत तेल असतं, आणि ते उष्णतेनं भराभर उडतं.

चार-पाच दिवसांनी साली वाजायला लागतात. मग खलबत्ता. साल, मोथा, आंबेहळद, कचोरा, वाळा, गव्हला, गुलाबाच्या सुकल्या पाकळ्या. बत्ता तुमच्या हातात आहे. पहिल्यांदा सालीचा वास वर येतो, मग हळदीचा, आणि मोथा फुटला की सगळ्यांना खाली बसवणारा तो मातीचा. धूळ नाकात जाते, शिंका येतात, हात पिवळे होतात. आजी धोतराच्या जुन्या, मऊ फडक्यातून सगळं वस्त्रगाळ करते, आणि फडक्यात उरलेला चोथाही टाकत नाही. बंबाच्या निखाऱ्यांवर टाकायला तो पुडीत बांधून ठेवते. आकाशकंदील दिसतो, पणती दिसते, पण आख्खं घर सजतं ते या वासानं. मी तरी दिवाळीत पहिला मान त्यालाच देईन.

इंग्लंडात नाताळला संत्र्यात लवंगा टोचून ती फळं घरात टांगतात. लवंग मोलुक्का बेटांवरची, संत्र्याचं मूळ चीनकडे. मोसंबीचं नावही मोझांबिकवरून आलं म्हणतात. किती लांबून आलेली ही झाडं, आणि आजीच्या विळीखाली कशी घरची होऊन बसली आहेत.

अर्ध्या चिरलेल्या मोसंबीचा गर खाऊन झाला की वाटी धुऊन देवळीत ठेवायची, त्यात करडईचं तेल आणि कापसाची वात. ज्योत कडेला लागू द्यायची नाही. वाटी तापते आणि देवळीचा कोपरा दरवळतो.

या बागा पुढे राहणार नाहीत. झाडं शेंड्याकडून वाळत येतील, ऊस वाढत जाईल, आणि मोसंबीचं नाव निघालं की लोक जालन्याकडे बोट दाखवतील. आजीला हे ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे, आणि सांगवत नाही.

नरकचतुर्दशीची पहाट. अंधार आहे. बंबातला चोथा जळतोय, पाठीवर तेल, तेलावर उटण्याचा खरबरीत हात. "चोळू दे, हलू नगं." गरम पाण्याचा तांब्या डोक्यावर पडतो आणि अंगावरून पिवळं पाणी मोरीकडे वाहतं.

नवा सदरा घालून तुम्ही देवळीपाशी येता. खिशात ओल्या सालीचा एक तुकडा लपवून ठेवलेला आहे. तो ज्योतीसमोर धरून दोन बोटांत मुडपता. सालीतून तेलाचा फवारा उडतो, ज्योतीवर तडतडतो, आणि बारीक निळ्या-पिवळ्या ठिणग्या उडतात.

"पुन्हा कर," आजी मागून म्हणते.