कुंभकोणम परिसरातील ऐतिहासिक स्थळे : पाणी, अग्रहार आणि अन्नछत्र

प्रस्तावना

तंजावरला जाणारे मराठी प्रवासी साधारणपणे दोन गोष्टी पाहून परततात : बृहदीश्वराचे देऊळ आणि राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय. तिथून सुमारे ४० किलोमीटरवर असलेले कुंभकोणम बहुधा राहून जाते. गेलेच तर देवदर्शन होते, पितळी फिल्टरमधली कॉफी होते आणि गाडी पुढे निघते. 'मराठ्यांचे इथे काय आहे?' असा प्रश्न मनात येतो, आणि किल्ला किंवा तट दिसत नाही म्हणून 'फारसे काही नाही' असे उत्तर आपणच देऊन टाकतो.

हे उत्तर चुकीचे आहे. १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरची गादी घेतली आणि १८५५ पर्यंत हे भोसले घराणे तिथे होते. पावणेदोनशे वर्षांच्या या काळाच्या खुणा कुंभकोणमच्या आसपास भरपूर आहेत. मात्र त्या ओळखायच्या तर आधी या प्रदेशाची रचना समजून घ्यावी लागते, आणि ती रचना पाण्याने ठरवलेली आहे. म्हणून या टिपणात आपण स्थळे राजांच्या क्रमाने न पाहता पाण्याच्या क्रमाने पाहणार आहोत. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न सोबत ठेवा : इथे पाणी कुणी आणले, आणि त्यातून पिकलेले कुणाला वाटले?

१. कल्लणै : सगळ्याचा आरंभ

कुंभकोणम कावेरी आणि तिचा फाटा अरसलार यांच्या मधोमध वसले आहे. या गावाचे भवितव्य मात्र पश्चिमेला, तिरुचिरापल्लीजवळ ठरते. तिरुचीच्या वरच्या अंगाला मुक्कोम्बू येथे कावेरी दुभंगते. उत्तरेकडचा प्रवाह कोळ्ळिडम आणि दक्षिणेकडचा कावेरी. मध्ये श्रीरंगमचे बेट. बेट संपते तिथे हे दोन प्रवाह पुन्हा अगदी जवळ येतात.

अडचण इथेच आहे. कोळ्ळिडमचे पात्र खोल आहे आणि त्याचा उतार सरळ समुद्राकडे जातो. कावेरीचे पात्र त्याहून उंच आहे. पाण्याला मोकळीक दिली तर ते कोळ्ळिडममध्ये उतरून थेट समुद्राला मिळेल आणि तंजावर-कुंभकोणमची भातशेती कोरडी पडेल. हे उतरणे अडवण्यासाठी जो दगडी बांध घातला तो कल्लणै, म्हणजे शब्दशः 'दगडी बंधारा'. परंपरा त्याचे श्रेय करिकाल चोळ राजाला देते. तो संघम काळातला, म्हणजे इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला राजा. बंधारा सुमारे ३२९ मीटर लांब असून नागमोडी आहे.

स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी पायाकडे विशेष लक्ष द्यावे. इथे खाली खडक नाही, वाळू आहे. मोठे दगड वाळूत बसू दिले, ते खचले की त्यावर आणखी दगड टाकले आणि वस्तुमान स्थिर होईपर्यंत हे चालू ठेवले. वाळूच्या पात्रात बंधारा टिकू शकतो हा धडा एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन यांनी इथूनच घेतला आणि पुढे गोदावरीवर दौलेश्वरम येथे वापरला.

२. बांध कुणी दुरुस्त करायचा?

आता मराठ्यांकडे येऊ. अठराव्या शतकात कल्लणैच्या परिसरात एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. पाणी तंजावरच्या शेतीचे, पण बांधाची जमीन तिरुचीकडची, म्हणजे अर्काटच्या नवाबाच्या ताब्यातली. १७६४-६५ च्या सुमारास यावरून तंजावरचे राजे तुळजाजी आणि नवाब महंमद अली यांच्यात वाद पेटला. नवाबाचे म्हणणे, माझ्या हद्दीतला बांध मीच दुरुस्त करीन. तुळजाजींचे म्हणणे, दुरुस्तीचा हक्क परंपरेने तंजावरचा आहे.

वरवर पाहता हा वाद उलटा वाटतो. खर्चाचे काम आपल्या अंगावर घ्यायला दोघे भांडतात कसे? उत्तर सोपे आहे. ज्याच्या हाती दुरुस्ती त्याच्या हाती पाणी. दुरुस्ती मुद्दाम लांबवली की शेजारचे राज्य लढाईशिवाय उपाशी मरते. शेवटी मद्रासच्या इंग्रज सरकारने मध्ये पडून दुरुस्तीचा हक्क तंजावरकडे ठेवला. बांध वाचला, पण पाण्याचा निवाडा तिसऱ्याच्या हाती गेला. १७७३ मध्ये याच कंपनीच्या फौजेच्या साहाय्याने नवाबाने तंजावर घेतले आणि १७७६ मध्ये कंपनीनेच तुळजाजींना पुन्हा गादीवर बसवले. राज्य परत मिळाले, पण स्वतंत्र राज्याचा कणा तोवर मोडला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोळ्ळिडम अधिक पाणी खेचू लागली आणि कावेरी गाळाने भरू लागली. १८३६ मध्ये कॉटन यांनी मुक्कोम्बूला वरचा बंधारा आणि खाली अणैक्करै येथे खालचा बंधारा बांधला. कुंभकोणमहून राजेंद्र चोळाच्या गंगैकोंडचोळपुरमला जाताना रस्त्यात हा खालचा बंधारा लागतो, तिथे उतरून पाहा. ही केवळ जुनी गोष्ट नाही, हेही ध्यानात ठेवा : ऑगस्ट २०१८ च्या पुरात मुक्कोम्बूच्या बंधाऱ्याचा नऊ दरवाजांचा भाग वाहून गेला.

३. दारासुरम आणि महामहम तलाव

पाणी आले, भात पिकला, आणि त्या शिलकीतून देवळे उभी राहिली. कुंभकोणमच्या नागेश्वर मंदिरातील चोळ शिल्पे नवव्या शतकाच्या अखेरीची आहेत. गावाला लागून असलेल्या दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधले. २००४ मध्ये युनेस्कोने ते गंगैकोंडचोळपुरमच्या मंदिरासह जागतिक वारसा यादीत घेतले. तंजावरचे मंदिर त्यात १९८७ पासून होते. तंजावरच्या मानाने दारासुरम लहान आहे, पण कोरीव काम अधिक नाजूक. रथाच्या आकाराच्या मंडपाची चाके आणि ६३ शैव संतांच्या कथांचे शिल्पपट सावकाश पाहावेत.

गावाच्या मध्यभागी महामहम तलाव आहे. त्याच्या काठचे १६ मंडप नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षितर यांनी सोळाव्या-सतराव्या शतकात बांधले. दर १२ वर्षांनी इथे स्नानाचा महोत्सव भरतो. मराठी वाचकाला त्याचा हिशेब लगेच कळेल : गुरू सिंह राशीत असताना माघ महिन्यात मघा नक्षत्रावर हे स्नान असते. आपल्या नाशिकचा सिंहस्थही याच गुरूवर चालतो. म्हणूनच नाशिकचा कुंभमेळा २०१५ मध्ये झाला आणि मागोमाग फेब्रुवारी २०१६ मध्ये इथले महामहम. गोदावरी आणि कावेरी एकाच पंचांगावर चालतात.

या तलावाची एक दुःखद आठवणही आहे. १९९२ च्या महामहमात चेंगराचेंगरी होऊन चाळीसहून अधिक माणसे दगावली. मर्यादित पायऱ्या, एकच मुहूर्त आणि लाखोंची गर्दी. वारसास्थळ जपणे म्हणजे दगड जपणे आणि तिथे येणारा माणूसही जपणे, हे ती घटना सांगते.

४. मराठ्यांच्या खुणा : तिरुविशनल्लूर आणि तिरुविडैमरुदूर

आता ज्या दोन गावांसाठी मुद्दाम वाकडी वाट करावी ती पाहू. दोन्ही कुंभकोणमपासून दहा किलोमीटरच्या आसपास.

पहिले तिरुविशनल्लूर. व्यंकोजींचे पुत्र दुसरे शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी १६९३ मध्ये हे गाव ४६ विद्वानांना अग्रहार म्हणून दान दिले. गावाचे दुसरे नाव पडले शहाजीराजपुरम. संस्कृत नाटककार रामभद्र दीक्षित आणि भक्तिपरंपरेतील श्रीधर वेंकटेश अय्यावाळ ही इथली मोठी नावे. काळाची जुळणी पाहा. १६९३ मध्ये महाराष्ट्रात औरंगजेबाशी झुंज चालू होती आणि छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. त्याच वेळी त्यांच्या चुलत घराण्यातला राजा कावेरीकाठी पंडितांना जमिनी वाटत होता. याला कुणी अलिप्तपणा म्हणेल. पण ज्या प्रदेशात सत्ता दानातून मान्यता मिळवते, तिथे परक्या भाषेच्या राजाला आपले होण्यासाठी हाच मार्ग होता.

दुसरे तिरुविडैमरुदूर, मध्यार्जुन क्षेत्र. महालिंगस्वामींच्या भव्य मंदिरासाठी ते प्रसिद्ध आहे. १७९८ मध्ये कंपनीने अमरसिंह राजांना गादीवरून दूर करून दुसऱ्या सरफोजींना बसवले. त्यानंतर अमरसिंह आपला लहानसा दरबार घेऊन इथे राहिले. राज्य गेले तरी गवय्ये आणि कवी यांना त्यांनी आश्रय दिला. मंदिरात हातात दिवा धरलेल्या स्त्रीची धातूची मूर्ती आहे. तमिळमध्ये अशा मूर्तीला 'पावै विळक्कु' म्हणतात. ही मूर्ती मराठा राजकुळातील अम्मणी हिची मानली जाते. राजघराण्यातील प्रतापसिंहाशी आपले लग्न व्हावे म्हणून तिने लक्षदीपांचा नवस केला होता. नवस फळला आणि तिने स्वतःच्याच रूपाचा एक दिवा देवापुढे उभा केला. तलवारी आणि तोफांच्या आपल्या इतिहासात एका मराठी मुलीची ही समई कुठे बसवायची, याचा विचार करा.

५. छत्रे

मराठीतले 'अन्नछत्र' आणि तमिळमधले 'चत्तिरम' हे दोन्ही संस्कृत 'सत्र' या एकाच शब्दाचे वंशज. तंजावरच्या मराठा राजांनी रामेश्वरच्या वाटेवर अशी छत्रे बांधली. ओरत्तनाडूचे मुक्ताम्बाळ छत्र सरफोजींच्या काळातले असून त्याची इमारत आजही पाहायला मिळते.

१७९९ च्या तहाने सरफोजींच्या हाती फक्त तंजावरचा किल्ला व लगतचा भाग उरला. मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांना वर्षाला एक लाख होन व वसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. अशा स्थितीत १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहून छत्रांची उत्पन्ने तोडू नयेत अशी विनंती केली. जातिधर्म न पाहता वाटसरूंना मिळणारे अन्न, आजाऱ्यांना मिळणारे औषध, अनाथ मुलांचे शिक्षण, प्रसूत स्त्रियांची काळजी हे सारे त्यांनी तपशिलाने मांडले. राज्य सोडताना राजाने काय वाचवायचा प्रयत्न केला, यावरून त्या राज्याचा स्वभाव कळतो.

६. माणसे

१८५५ मध्ये गादी संपली तरी मराठी माणसे इथेच राहिली. कुंभकोणमच्या तंजावरी मराठी कुटुंबात १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि नंतर बडोद्याचे दिवाण झाले. सयाजीराव गायकवाड वयात येईपर्यंत बडोद्याचा कारभार त्यांनी पाहिला. म्हणजे आधुनिक बडोद्याच्या पायाभरणीत कावेरीकाठच्या मराठीचा वाटा आहे. कुंभकोणमचे सरकारी महाविद्यालय १८५४ चे. श्रीनिवास रामानुजन इथलेच. सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरचे त्यांचे घर आज स्मारक आहे.

समारोप

मेट्टूर धरण १९३४ मध्ये झाले. प्रथेनुसार १२ जूनला त्याचे दरवाजे उघडतात. त्याआधी कुंभकोणमला गेलात तर कावेरीत अनेकदा वाळूच दिसते. त्या वाळूत उभे राहून आजूबाजूची गोपुरे पाहिली की कळते, हे सगळे वैभव वरून येणाऱ्या आणि वाटून घेतलेल्या पाण्यावर उभे होते. मराठ्यांनी इथे नवी व्यवस्था लादली नाही. चालत आलेली व्यवस्था त्यांनी सांभाळली, तिच्यासाठी भांडले आणि तिच्यात भर घातली. त्यांचे स्मारक शोधायचे ते या सांभाळण्यात.

या सांभाळण्याचे हिशेब तंजावरच्या मोडी कागदांत आहेत. ते वाचण्यासाठी मोडी आणि तमिळ दोन्ही जाणणारी माणसे हवीत, आणि ती फार थोडी आहेत. तुमच्यापैकी कुणी मोडी शिकत असेल, तर पुण्याबाहेरही तिची गरज आहे हे लक्षात असू द्या.

विचारासाठी प्रश्न

१. कल्लणै नसता तर कावेरीच्या खोऱ्यातील शेतीवर काय परिणाम झाला असता? पात्रांच्या उंचीच्या आधारे स्पष्ट करा.

२. दुरुस्तीचा हक्क हा पाण्याचा हक्क कसा ठरतो? तुमच्या तालुक्यातील एखाद्या बंधाऱ्याचे किंवा पाटाचे उदाहरण द्या.

३. तुमच्या गावाजवळ जुने अन्नछत्र किंवा धर्मशाळा आहे का? ती कुणी बांधली, तिचे उत्पन्न कशातून येत असे आणि आज तिथे काय चालते, याची नोंद करा.