सेवाधिष्ठित सॉफ्टवेअर : जोड हवी, जखडण नको

एकाच अवाढव्य प्रणालीऐवजी लहान, स्वतंत्र सेवांमधून संगणकीय व्यवस्था उभारण्याच्या पद्धतीस सेवाधिष्ठित रचना म्हणतात. बसच्या ऑनलाइन आरक्षणात आसने, भाडे, पैशांचा भरणा आणि प्रवाशाला जाणारा संदेश ही कामे वेगवेगळ्या सेवांकडे सोपवता येतात. या सेवांचा परस्परसंबंध अटळ असतो. मात्र एकीतील बदल वा बिघाड दुसरीला विनाकारण भोगावा लागला, तर तो संबंध घातक ठरतो. सॉफ्टवेअरच्या भागांमधील अशा अवलंबित्वास ‘कपलिंग’ ही संज्ञा आहे. स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन यांनी १९७४ मध्ये ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मधील लेखात ही संकल्पना विशद केली.

घातक अवलंबित्वाची दोन रूपे वारंवार आढळतात. पहिले, समाईक डेटाबेस. अनेक सेवा एकाच तक्त्यातून थेट माहिती उचलत असतील, तर एका रकान्याचे नाव बदलताच सर्वांचे काम अडते.

दुसरे रूप वेळेचे. एक सेवा दुसरीच्या उत्तरासाठी थांबते, दुसरी तिसरीसाठी. प्रत्येक सेवा ९९.९ टक्के वेळ सुरू असली आणि बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असले, तरी अशा पाच सेवांची साखळी सुमारे ९९.५ टक्के वेळच चालते. म्हणजे महिन्याकाठी ४३ मिनिटांऐवजी साडेतीन तासांहून अधिक काळ काम ठप्प!

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या ‘एस-थ्री’ या साठवण सेवेत चुकीच्या आज्ञेमुळे गरजेपेक्षा अधिक सर्व्हर बंद झाले. तिच्यावर विसंबलेली अनेक संकेतस्थळे काही तास कोलमडली. बिघाडाची माहिती देणाऱ्या फलकाची नियंत्रण यंत्रणाही एस-थ्रीवरच अवलंबून होती. त्यामुळे सुरुवातीचा काही काळ त्या फलकावर सेवांची खरी स्थिती दाखवणेच शक्य झाले नाही.

यावर उपाय आहेत. प्रत्येक सेवेने आपली माहिती स्वतःपाशी राखावी आणि ती ठरलेल्या करारानुसारच इतरांना द्यावी. करारात नवी भर घालावी. जुने काढण्यापूर्वी ते वापरणाऱ्यांना अवधी द्यावा. तातडीचे नसलेले काम रांगेत ठेवावे. तिकिटाचा संदेश दोन मिनिटे उशिरा गेल्याने आरक्षण अडता कामा नये. उत्तराची वाट पाहण्यास मुदत असावी आणि वारंवार अपयशी ठरणाऱ्या सेवेकडील मागण्या ‘सर्किट ब्रेकर’ने काही काळ रोखाव्यात.

मात्र सरसकट तोडणे हाही उपाय नव्हे. एकच आसन दोघांना दिले जाऊ नये, यासाठी आसनाची नोंद आणि तिची खातरजमा एकाच सेवेत राहणे इष्ट. जे एकत्रच बदलते, ते एकत्र ठेवावे; जे स्वतंत्रपणे बदलते, त्यांच्यात अंतर राखावे. मोठ्या घराच्या वाटण्या करतानाही विहीर समाईक ठेवली, तर पाणी उपसण्याचे नियम आधीच ठरवावे लागतात.