गृह-उपशामक सेवेतील औषधे व परिचारिका (वाशिम जिल्हा)

बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना, धाप, उलट्या, जखमेची दुर्गंधी आटोक्यात ठेवणारी औषधे रुग्णाच्या राहत्या घरी सुरळीत चालावीत म्हणून परिचारिका करते ते काम आणि त्यासाठी तिला लागणारे पाठबळ. गोळी लिहून देतात डॉक्टर, ती देतात घरचे. परिचारिका मध्ये उभी असते. मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार तिला नाही, पण डोस चुकला तर पहिला फोन तिलाच येतो.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार यांवरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० नंतर महाराष्ट्रात ज्या सहा जिल्ह्यांत प्रथम आला त्यांत वाशिम होता. २०१८ मध्ये तो आकांक्षित जिल्ह्यांतही गणला गेला. राज्याने उपशामक सेवेचे धोरण २०१२ मध्ये स्वीकारले आणि या सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच वर्षीचा. तरी शेवटचे महिने रुग्ण घरीच काढतो. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयातून ‘आता घरी न्या’ म्हणून आलेल्या माणसाजवळ रोज पोहोचू शकतात त्या उपकेंद्राच्या सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा.

तोंडाने घ्यायचे साधे मॉर्फिन सुमारे चार तास टिकते. म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा अशा वेळा ठरतात आणि रात्री दहाला दुप्पट मात्रा देतात, म्हणजे पहाटे दोनला कोणाला उठावे लागत नाही. दुखू लागल्यावर गोळी द्यायची नसते, दुखू नये म्हणून घड्याळावर द्यायची असते. घरच्यांच्या गळी उतरवायला सर्वांत अवघड गोष्ट हीच. अधूनमधून कळ उसळली तर दिवसभराच्या मात्रेच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतकी जादा मात्रा डॉक्टर आधीच लिहून ठेवतात. झोपाळूपणा व मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सुरू करायचे. मूत्रपिंडे कमजोर असतील तर औषध अंगात साठते. अंगाला झटके, असंबद्ध बोलणे, मंद पडलेला श्वास ही लक्षणे दिसताच पुढची गोळी न देता डॉक्टरांना कळवायचे.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या या मुलखात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ, आणि त्यातले बरेच नाकातल्या नळीवर. साधी गोळी कुटून पाण्यातून नळीत सोडता येते. सावकाश विरघळणारी गोळी कुटली तर अनेक तासांची मात्रा एकदम अंगात उतरते. वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचून हा फरक घरच्यांना दाखवणे हे परिचारिकेचे काम, आणि ते तिला कोणीतरी आधी शिकवलेले असावे लागते. जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड ड्रेसिंगवर भुरभुरवतात. स्वस्त, साधा उपाय. पण घरातला माणूस पुन्हा खाटेजवळ बसू लागतो.

वेळापत्रक लिहून देणे पुरत नाही. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत दहाची आणि दोनची गोळी कोण देणार, हे त्या घरात बसूनच ठरते. निरक्षर आजीसाठी सूर्य-चंद्राची चित्रे काढलेल्या पुड्या बांधतात. बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलणारी आशा सोबत असली तर अर्धे काम होते. ‘अफूची गोळी आहे, सवय लागेल’ ही भीती सर्वत्र आहे. वेदनेसाठी योग्य मात्रेत, देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच जडते, हे एकदा सांगून भागत नाही.

कायद्याने ही भीती अनेक वर्षे पोसली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर रुग्णालयांना अनेक परवान्यांसाठी खेपा घालाव्या लागत आणि पुष्कळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. अफूची परवाना-शेती शेजारच्या मध्य प्रदेशात होत असताना. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्य औषध नियंत्रकाची, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाची, एकच मंजुरी पुरेशी झाली. मार्च २०२० च्या दूरवैद्यक सूचनांनी मात्र या कायद्याखालची औषधे दूरसल्ल्यावर लिहून देण्यास मनाई केली. लांबच्या खेड्यासाठी ही अट जाचकच म्हणावी लागेल.

परिचारिकेला पाठबळ म्हणजे केवळ प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र नव्हे. डॉक्टरांच्या सहीचा स्पष्ट लेखी आदेश, रात्री फोन उचलणारा डॉक्टर, पुढच्या भेटीपर्यंत पुरेल इतका साठा आणि गाडी, यांतले एक नसले तरी बाकीचे लंगडे पडते. गोळ्या मोजून दिल्या जातात, नोंदवहीत सही होते. मृत्यूनंतर उरलेल्या गोळ्या मोजून परत घ्याव्यात व तशी नोंद करावी, अशी रीत आहे. त्यासाठीची भेट बहुधा तेराव्यानंतर होते, आणि गोळ्यांचा हिशेब झाल्यावरही सिस्टरला तिथे बराच वेळ बसावे लागते. कामाच्या आराखड्यात या वेळेसाठी रकाना असावा.